चार वाजताचा माणूस

मिस्त्रीनं पिवळी पाटी तळमजल्यावर लिफ्टच्या दाराला अडकवली, दोन पावलं मागे सरून ती सरळ बसली का ते पाहिलं आणि पुन्हा पुढे होऊन तिचं एक टोक जरासं वर ओढलं. पाटी तिरकी असली की लोकांना वाटतं, कुणीतरी घाईघाईत लावून गेलंय. मग ते बटणं दाबत बसतात. ‘दुरुस्ती चालू आहे’ हे सरळ रेषेत दिसलं, तरच लोक निमूटपणे जिन्याकडे वळतात. बावीस वर्षांच्या नोकरीत तो एवढं शिकला होता.

लिफ्टला मात्र काहीही झालेलं नव्हतं. पाच मिनिटांपूर्वीपर्यंत ती कुरकुर न करता वरखाली करत होती. त्यानंच आपल्याकडच्या किल्लीनं ती बंद केली होती.

“आज पुन्हा?” वॉचमननं खुर्चीतूनच विचारलं.

“पुन्हा.”

“तिसरा मंगळवार हा. आमच्या लिफ्टला मंगळवारचं वावडं आहे का हो, मिस्त्री?”

“वरचा एक रिले गरम होतोय. म्हणजे गरम झाला की चिकटतो, आणि चिकटला की दाराला सिग्नल जात नाही. नवा मागवलाय. आला की बसवतो. आधीचा जरा वेगळ्या बनावटीचा होता ना, म्हणून वेळ लागतोय.”

वॉचमननं एवढं सगळं विचारलंच नव्हतं. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं असंच होतं. खरं सांगायला त्याला दोन शब्द पुरतात, खोट्याला मात्र तो ठिगळावर ठिगळ लावत बसतो. मिस्त्रीनं हत्यारांची पेटी उचलली आणि तो जिना चढायला लागला.

चौथ्या मजल्यावर एक दार होतं. त्यावर एका बाईंचं नाव आणि नावाखाली बारीक अक्षरात ‘समुपदेशन’ एवढंच लिहिलेलं होतं. आज चार वाजता मिस्त्रीला त्या दाराची बेल वाजवायची होती. गेल्या मंगळवारीही वाजवायची होती, आणि त्याच्या आदल्या मंगळवारीही.

बंद लिफ्टच्या इमारतीत मिस्त्री दिसला तर तो कुणाकडे आलाय, हे कुणी विचारत नाही. चालत्या लिफ्टचा मिस्त्री मात्र चौथ्या मजल्यावर एका दारासमोर उभा दिसला, की माना वळल्याच म्हणून समजा. म्हणून त्यानं मुद्दाम आपल्याच फेरीतल्या इमारतीतल्या बाई निवडल्या होत्या, आणि म्हणूनच ही पाटी. पहिल्या मंगळवारी ही युक्ती सुचली तेव्हा स्वतःच्या हुशारीचं त्याला कौतुकही वाटलं होतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या आजी कठड्याला धरून उभ्या होत्या. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात काठी. जिन्याकडे त्या अशा बघत होत्या, जसं काही त्यानं त्यांचं जुनं देणं बुडवलंय.

“लिफ्टवाल्या, तुझ्या हातात जादू आहे बरं का.”

“का हो, आजी?”

“महिन्यातून एकदा यायचास, तेव्हा लिफ्ट चालायची. दर आठवड्याला यायला लागलास, तशी बंद पडायला लागली.”

मिस्त्री हसला, पण ते हसू त्याच्या ओठांवरच राहिलं. “होईल आज,” तो म्हणाला आणि मान खाली घालून पुढे चढला. आजींच्या गुडघ्यांचा विचार पहिल्या दोन मंगळवारी त्याच्या मनातही आला नव्हता.

चार महिन्यांपूर्वी, दुसऱ्याच एका इमारतीत, चाचणीसाठी वजनं भरलेल्या केबिनच्या टपावर उभा राहून तो काम करत होता. ब्रेक घसरला आणि केबिन खाली गेली. फार नाही, अर्धा मजला. मग सुरक्षेच्या पकडीनं धाडकन रूळ आवळले आणि सगळं जागच्या जागी थांबलं. त्याला खरचटलंसुद्धा नाही. जोडीदारानं वरून ओरडून विचारलं, “आहेस का रे?” आणि तो म्हणाला, “आहे.” नंतर दोघांनी चहा घेतला. जोडीदार म्हणाला, “यमाच्या दारात नुसतं डोकावून आलास.” दोघंही पोट धरून हसले.

त्या दिवसापासून मिस्त्रीनं लिफ्टमध्ये पाऊल ठेवलं नव्हतं. आठ मजले असोत की चौदा, तो जिन्यानं जायचा. ऑफिसातले विचारायचे, तर तो पोटावर हात फिरवून म्हणायचा, “वजन उतरवतोय.” जोडीदारानं काही न विचारता सांभाळून घेतलं; टपावर तो उभा राहायचा आणि मिस्त्री वर मशीनरूममध्ये थांबायचा. बायको म्हणायची, “अहो, झोपेत तुम्ही मुठी किती आवळता. सकाळी तळव्यांवर नखांचे वण दिसतात.” त्यावर तो म्हणायचा, कामाचा हात आहे, वण असायचेच. मनातून मात्र त्याला स्वतःची लाज वाटायची. ज्याला खरचटलंसुद्धा नाही, त्यानं भ्यायचं कशाला? पडला असता, हाड मोडलं असतं, तर गोष्ट वेगळी. निदान दाखवायला काही असतं.

मग महिन्यापूर्वी ते झालं. वीज गेली होती आणि केबिन हातानं सरकवायची होती. यात फारसं अवघड काही नाही. एकानं मशीनरूममध्ये ब्रेकची दांडी दाबून धरायची, की दोराच्या दुसऱ्या टोकाच्या वजनानं हलकी केबिन आपसूक वर सरकते. टपावरच्यानं “थांब” म्हटलं की दांडी सोडायची. जोडीदार टपावर होता. तो “थांब” म्हणाला. मिस्त्रीला ते अगदी स्पष्ट ऐकू आलं. पण हात सुटला नाही. आपलाच हात, आपल्याच डोळ्यांसमोर, दांडीवर आवळलेला. आणि तो त्या हाताकडे नुसता बघत राहिला. जोडीदार दुसऱ्यांदा ओरडला तेव्हा त्याची किंकाळीच झाली होती. केबिन थांबली, तेव्हा जोडीदाराच्या डोक्यात आणि वरच्या तुळईत वीतभर अंतर उरलं होतं.

जोडीदार खाली उतरून बराच वेळ हात धूत राहिला. या वेळी त्यानं काही चेष्टा केली नाही.

“साहेबांना मी सांगणार नाही,” तो म्हणाला. “पण एक तारखेपासून माझी बदली आहे. तुझ्या हाताखाली नवा माणूस येईल. तो बिचारा तुझ्या भरवशावर टपावर उभा राहणार. कुणालातरी दाखव रे, बाबा.”

एक तारीख येत्या शुक्रवारी होती.

चौथ्या मजल्यावर पोचून मिस्त्रीनं पेटी खाली ठेवली. चाराला सात मिनिटं कमी होती. दार बंद होतं. आतून कसलाही आवाज येत नव्हता, आणि तेच त्याला जास्त भीतीदायक वाटलं. आत काय असेल? एखादं टेबल, त्यावर वही. वहीत आपलं नाव. ती वही कपाटात, कपाटाची किल्ली कुणाकडे तरी, आणि ते कुणीतरी कुणाचा तरी मेहुणा.

त्याच्या भीतीला आधार होता. ऑफिसात एक वायरमन होता, कामात एक नंबर. आपण मनाच्या डॉक्टरांकडे जातो, असं त्यानं एकदा साहेबांना सरळ मनानं सांगितलं. संध्याकाळपर्यंत ते सगळ्यांना कळलं. दुसऱ्या दिवशीपासून त्याचं नाव ‘सर्किट’ पडलं आणि आठवड्याभरात त्याला गोदामात बसवलं. तिथे तो अजूनही पेट्यांतले स्क्रू मापानुसार वेगळे करतो. त्याचं खरं नाव आता चटकन कुणाला आठवत नाही. ‘सर्किट’ म्हणून हसणाऱ्यांत मिस्त्रीही होता.

त्यानं फोन काढला. बाईंना पहिला मेसेज त्यानं स्वतःचं नाव न घालता, बायकोच्या जुन्या नंबरावरून केला होता. त्यावर त्यांचं उत्तर आलं होतं, ते त्याला पाठ झालं होतं. पहिली भेट पन्नास मिनिटांची असते, नुसती ओळखीची. काय सांगायचं आणि किती सांगायचं ते तुम्ही ठरवायचं. मी गोळ्या देत नाही. गरज वाटली तर डॉक्टरांचं नाव सुचवेन. दोन-तीन भेटींनंतर माझ्याशी जमत नाही असं वाटलं, तर तसं मोकळेपणानं सांगा, मला राग येत नाही, दुसरं नाव देईन. शेवटी लिहिलं होतं, ‘काय म्हणून हाक मारू?’ त्यावर त्यानं ‘नंतर सांगतो’ असं कळवलं होतं.

खिशात एक कार्ड होतं. मशीनरूममध्ये टांगतात तसलं, देखभालीचं, कोरं. काय बोलायचं ते आधी लिहून काढावं म्हणून तो बसला होता आणि हाताशी तेवढंच सापडलं होतं. ‘तक्रार’ या शब्दासमोर त्यानं लिहिलं होतं: हात सुटत नाही. ‘कारण’ या शब्दासमोर काहीच नव्हतं. ‘केलेली दुरुस्ती’ या शब्दासमोरही नाही. मागच्या बाजूला प्रश्न होते. कंपनीला कळेल का. लायसन जातं का. बरं व्हायला किती दिवस. आणि अगदी तळाशी, खोडून पुन्हा लिहिलेलं: मी वेडा आहे का.

चाराला दोन मिनिटं कमी. त्यानं बेलच्या बटणाकडे बोट नेलं. हजारो बटणं त्यानं आयुष्यात दाबली होती, बसवली होती, बदलली होती. छातीत धडधड सुरू झाली, कानांत शिट्टी वाजायला लागली आणि बोटाचं टोक गार पडलं. बटणापासून दोन बोटांवर हात थांबला तो थांबलाच. मग पेटी उचलून, गेल्या दोन्ही मंगळवारी गेला होता तसाच तो गच्चीकडे जाणाऱ्या जिन्यावर जाऊन बसला. इथून ते दार दिसायचं. चार वाजले. चार वाजून पाच मिनिटं झाली. फोन थरथरला. ‘आज येताय ना? जमत नसेल तरी हरकत नाही, फक्त कळवा.’

उत्तर लिहायला त्यानं अंगठा टेकवला, तेवढ्यात दार उघडलं.

पन्नाशीच्या बाई, पायात घरातल्या सपाता, हातात चष्मा. त्या कठड्यावरून वाकून खाली पाहू लागल्या. मग त्यांनी मान वर केली. मिस्त्रीनं फोन पालथा केला.

“तुम्ही लिफ्टचे ना?”

“हो.” तो उठून उभा राहिला.

“अजून किती वेळ लागेल?”

“सांगता येत नाही.”

“तक्रार म्हणून नाही विचारत. पण सलग तिसरा मंगळवार आहे. चार वाजता माझ्याकडे एक जण यायचे असतात. मला आता अशी शंका येतेय, की ते खालपर्यंत येतात आणि तुमची पाटी बघून परत जातात. पाय दुखत असतील, दम लागत असेल, काय माहीत. आधीच इथवर यायला माणसाला केवढं बळ लागतं. त्यात लिफ्ट बंद.”

मिस्त्रीनं फोन खिशात सरकवून पेटी उचलली. तीन मंगळवार इथे बसून तो या दाराला घाबरत होता, आणि दारामागे ही बाई घड्याळाकडे बघत त्याच्या गुडघ्यांची काळजी करत होती.

“नाव सांगा ना त्यांचं,” त्याच्या तोंडून निघालं. “खाली वॉचमनकडे देऊन ठेवतो. आले की थांबवेल त्यांना.”

“नाव नाही सांगता येणार.”

“तुमच्या सोयीसाठीच म्हणत होतो.”

“कळलं मला. पण माझ्याकडे कोण येतं, ते मी कुणाला सांगत नाही. वॉचमनला नाही, तुम्हालाही नाही.”

“घरच्यांनी विचारलं तर?”

“तरी नाही.”

“आणि त्यांच्या साहेबांनी?”

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या हाताकडे. पेटीची मूठ त्यानं इतकी आवळून धरली होती, की बोटांची पेरं पांढरी पडली होती.

“त्यांनी स्वतः हो म्हटल्याशिवाय साहेबांनाही नाही,” त्या सावकाश म्हणाल्या. “एक अपवाद असतो, तो मी पहिल्याच दिवशी सांगून टाकते. कुणाच्या जिवावर बेतणार असं दिसलं, तर मला गप्प बसता येत नाही. पण तेव्हाही आधी त्यांच्याशीच बोलते. पाठीमागून काही करत नाही.”

वीतभर अंतर. तुळई.

“जिवावर म्हणजे... कितपत?”

“ते ज्याचं त्यानं येऊन विचारलेलं बरं,” बाई म्हणाल्या. “साडेचारपर्यंत मी वाट बघते. तुमचं काही होतंय का बघा.”

दार बंद झालं. मिस्त्री तिथेच उभा राहिला. बाईंकडे नाव नव्हतंच. त्यानं ते दिलंच नव्हतं. ‘मलाच ठाऊक नाही हो,’ एवढं म्हणून त्या मोकळ्या होऊ शकल्या असत्या. त्यांनी तेवढंही सांगितलं नाही. ज्याचं गुपित होतं, त्याच्यापाशीसुद्धा त्यांनी ते फोडलं नव्हतं.

शुक्रवार मात्र होता तिथेच होता. आता खाली जाऊन पेटी गाडीत टाकली आणि घर गाठलं, तरी कुणी विचारणार नव्हतं. शुक्रवारी नवा माणूस टपावर चढला असता, वर बघून म्हणाला असता, ‘थांबा, मिस्त्री.’ त्याचा चेहराही अजून पाहिलेला नव्हता, तरी मिस्त्रीला तो टपावर उभा दिसला. त्याला दरदरून घाम फुटला. दाराची भीती होतीच. पण ही भीती तिच्याहून मोठी निघाली.

तो चार मजले खाली उतरला. पाटी काढली. किल्ली फिरवली. आत दिवा लागला.

“झाली?” वॉचमन म्हणाला.

“झाली.”

“रिले आला वाटतं?”

“रिलेला काही झालं नव्हतं,” मिस्त्री म्हणाला. “पेटी इथे ठेवतो. तासाभरानं नेईन.”

बंद लिफ्ट सुरू केली, की पहिली फेरी मिस्त्रीनं स्वतः करायची. हा त्यांच्या धंद्यातला नियम आहे, कुठे लिहिलेला नसला तरी सगळे पाळतात. आपण ज्यात चढणार नाही, त्यात दुसऱ्याला चढवू नये. चार महिने त्याच्या वाट्याची ही फेरी जोडीदार करत होता, आणि गेल्या दोन मंगळवारी ती कुणीच केली नव्हती. मिस्त्रीनं दार ओढलं. जिना तिथेच होता, हाताच्या अंतरावर. तो आत शिरला आणि त्यानं चारचं बटण दाबलं.

दार लागलं. खालची जमीन किंचित हलली, तसा त्याचा श्वास अडकला. मागचा दांडा त्यानं दोन्ही हातांनी धरला. पहिला मजला. डोक्यावर दोर कसा चाललाय, चाक कसं फिरतंय, ब्रेक कुठे उघडा आहे, हे सगळं त्याला डोळे मिटूनही दिसत होतं. न दिसतं तर बरं झालं असतं. दुसरा मजला. आता घसरणार, आता. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबली आणि त्याच्या तोंडून काहीतरी आवाज निघाला.

दारात आजी उभ्या होत्या.

“झाली का एकदाची?” त्या आत आल्या. “वर चाललीय का? जाऊ दे. वरून खाली जाईन. चालती लिफ्ट सोडू नये.” मग त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. “हे काय? तुझा तुझ्याच कामावर भरवसा नाही?”

आजींनी काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात त्याच्या शेजारी त्याच दांड्यावर ठेवला. एक मजला दोघं तशीच उभी राहिली.

चौथ्यावर दार उघडलं. मिस्त्री बाहेर आला आणि त्या दाराकडे वळला. हातात पेटी नव्हती, खाली दाराला पाटी नव्हती, सांगायला रिले नव्हता. मागे आजी बघत होत्या, हे त्याला पाठीवर कळत होतं.

“तिकडे कुठे?” त्यांनी विचारलं.

“भेट आहे. चारची.”

आजींनी आपल्या मनगटाकडे पाहिलं. तिथे घड्याळ नव्हतं.

“मग उशीर झाला की रे तुला,” त्या म्हणाल्या. “पळ.”

त्यानं बेल दाबली. आत सपातांचा आवाज जवळ आला. बाईंनी दार उघडलं, त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि बाजूला होऊन वाट दिली. लिफ्टचं त्यांनी काही विचारलं नाही. नव्या माणसाला विचारावं तसं विचारलं.

“या. येताना काही त्रास नाही ना झाला?”

‘नाही’ हा शब्द गेले चार महिने त्याच्या जिभेवर तयार बसलेला होता. मिस्त्रीनं खिशातलं कार्ड चाचपलं.

“झाला,” तो म्हणाला.